वाचा: रोज सहा ते बारा बंद

कुठल्याही अर्जात एक तरी चूक असतेच, या एकाच श्रद्धेवर त्रुटीसाहेबांनी पेन्शन कचेरीत चौतीस वर्षं काढली. त्यांचं खरं नाव आता फक्त त्यांच्या बँकेला ठाऊक होतं. समोर आलेला कागद ते आधी उजेडाला धरत, मग उलटा करून पाहत, आणि मग समासात हिरव्या शाईनं बारीक अक्षरात लिहीत, 'त्रुटी'. एका म्हाताऱ्याचा अर्ज तर त्यांनी सगळं बरोबर असूनही परत पाठवला होता. शेरा होता, 'अर्जदाराची सही थरथरलेली आहे. स्थिर सहीसह फेरसादर करावा.' त्यात दुष्टपणा मुळीच नव्हता. कागद स्वच्छ असावा एवढीच त्यांची इच्छा, आणि माणसं मात्र अस्वच्छ हातांनी जगतात याला त्यांचा नाइलाज होता.

त्यांच्या पत्नीला सगळी इमारत काकू म्हणे. काकूंचं सकाळचं मौन असे. उठल्यापासून, म्हणजे सहापासून, दुपारचे बारा वाजेपर्यंत एक शब्द नाही. डाव्या हातानं घरकाम, आणि उजव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत जप. मोजणी चुकू नये म्हणून तो उजवा हात त्या कोणासाठीही सोडत नसत. दारावर कोणी आलं, दूध उतू गेलं, तरी डावाच हात पुढे. अकरा वर्षांत एकदाही यात खंड पडला नव्हता.

शेजारचे पुरुष त्रुटीसाहेबांकडे पाहून उसासे टाकत. "काय नशीब काढलंत साहेब! सकाळी सहा तास!" पण त्यांना पुढची गोष्ट माहीत नव्हती. मौनात काकू भुवयांनी बोलत. एक भुवई वर गेली तर गिझर चालू राहिलाय. दोन्ही वर गेल्या तर तुम्ही आत्ता जे काही म्हणालात त्याबद्दल बारानंतर बोलू. आणि बाराच्या ठोक्याला सकाळपासूनची सगळी शिल्लक, आलेल्या क्रमानं, एकही बाब न गाळता, साहेबांच्या पदरात पडे. कचेरीतल्या कुठल्याही कारकुनानं असा अनुशेष इतक्या शिस्तीत कधी निकाली काढला नव्हता.

तर अशाच एका दुपारी, साडेबाराच्या सुमाराला, काकूंनी एक रंगीत माहितीपत्रक साहेबांच्या चहाच्या कपाखाली सरकवलं. समुद्रसफरीचं. पांढरंशुभ्र जहाज, निळं पाणी, आणि आरामखुर्चीत दात दाखवणारी माणसं. काकूंनी नकाशावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "इथं थांबतं. चौथ्या दिवशी, सकाळी आठ ते दुपारी एक."

साहेबांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्या ठिपक्यावर काकूंची धाकटी बहीण राहत होती. बेटावर तिची लाँड्री होती, गुडघे गेलेले होते, आणि तिथं जायला जहाजाशिवाय दुसरी सोय नव्हती. अकरा वर्षांत दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. काय बिनसलं होतं ते साहेबांनी विचारलं नव्हतं. अर्ज समोर आल्याशिवाय चौकशी करायची नाही, ही सवय.

पण या वेळी त्यांनी स्वतःहून धाकटीला पत्र लिहिलं. 'विषय: भेटीबाबत'. खाली तीन मुद्दे, शेवटी 'उत्तराच्या प्रतीक्षेत'. उलट टपाली एका ओळीचं कार्ड आलं. 'धक्क्यावर असेन.' काकूंनी ते कार्ड वाचलं आणि देवाच्या तसबिरीमागं ठेवलं. त्यानंतरच्या महिन्याभरात ते तिथून निदान चाळीस वेळा बाहेर निघालं असेल.

आता जहाज कंपनीची अट अशी, की साठीपुढच्या प्रवाशाला विम्याशिवाय चढू देणार नाही. भर समुद्रात कोणाला काही झालं, तर ते काही बस थांबवण्याइतकं सोपं नसतं.

ही बातमी इमारतीत पसरायला अर्धा दिवस लागला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी एकदा अशा सफरीवर जाऊन आल्या होत्या. त्या उत्साहावर विरजण घालायला लगेच वर आल्या.

"साहेब, विमा दांडगा घ्या हं. जहाजावरचा डॉक्टर नुसतं 'कसं वाटतंय' विचारायचे पैसे लावतो. आमचे हे 'बरं वाटतंय' म्हणाले तर त्याचे वेगळे लावले. आणि समजा बोटीनं किनाऱ्यावर न्यायची वेळ आली, तर घर विकून या आधीच."

वरच्या मजल्यावरचे केमिस्टकाका औषधाचं दुकान मुलावर सोपवून रिकामे झालेले. सल्ले मात्र अजून काउंटरवरूनच देत. त्यांनी विम्याचा अर्ज हातात घेऊन सरसर चाळला. "सोपा आहे. सगळीकडे 'नाही' लिहा. रक्तदाब? नाही. साखर? नाही. ऑपरेशन? नाही. चार मिनिटांचं काम."

"पण माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय," साहेब म्हणाले.

"ते तुमच्याकडे राहिलंय का आता? नाही ना? मग 'नाही'!"

साहेबांनी अर्ज त्यांच्या हातून हळूच काढून घेतला. ज्या माणसानं चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या अर्जातलं खोटं हुडकलं, तो स्वतः खोटं लिहिणार? चार मिनिटांच्या कामाला त्यांनी नऊ संध्याकाळी घेतल्या. स्वतःच्या पुरवणीत त्रेचाळीस नोंदी झाल्या. 'वय वर्षे आठ: नाकात वाटाणा गेला (काढला).' 'वय वर्षे एकतीस: वरिष्ठांच्या ओरडण्याने दोन दिवस कानात गुणगुण.' 'उजव्या तळपायास कुरूप, स्वभावाने शांत.'

मग काकूंचा अर्ज. काकूंची तब्येत ठणठणीत, तिथं लिहिण्यासारखं काही सापडेना, त्यामुळे साहेब जरा खट्टू झाले होते. आणि मग आला प्रश्न एकतीस. 'वाचा, दृष्टी, श्रवण किंवा हातापायांची हालचाल यांत कधी खंड पडतो काय? पडत असल्यास कालावधी, वारंवारता व कधीपासून, ते लिहावे.'

साहेबांचे डोळे चमकले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: 'होय. वाचा: रोज सहा ते बारा बंद, स्वेच्छेने. उजवा हात: सदर काळात जपात गुंतलेला, विनंती केल्यासही उचलला जात नाही.' 'कधीपासून' या रकान्यासाठी त्यांनी माळ्यावरून जुन्या डायऱ्या खाली काढल्या आणि तारीख शोधून उतरवली. चौदा मार्च. अकरा वर्षांपूर्वीची.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी तो कागद वाचला. दोन्ही भुवया वर गेल्या आणि बारापर्यंत वरच राहिल्या.

"अहो," बारा वाजता त्या म्हणाल्या, "मौन म्हणजे काय रोग आहे?"

"प्रश्न रोगाचा नाहीच आहे. प्रश्न खंडाचा आहे. खंड पडतो की नाही?"

"पडतो."

"मग झालं तर."

पंधरवड्यानं पॉलिसी आली. पॉलिसी दोन पानांची आणि कशाकशाचे पैसे मिळणार नाहीत त्याची यादी अकरा पानांची. साहेबांना भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी अर्ज शेवटपर्यंत वाचला होता. केमिस्टकाकांनी मात्र यादीवरून बोट फिरवत कपाळाला हात लावला.

"साहेब, हे सगळंच वगळलंय की हो! या विम्यात तुम्हाला नेमकं व्हायला काय परवानगी आहे? शार्क चावला तर मिळतील पैसे. तेवढंच."

"उजव्या पायाला चावला तर नाही मिळणार," साहेब शांतपणे म्हणाले. "तिथं कुरूप आहे. मी लिहिलंय."

तरीही सल्ला दिल्याशिवाय परत वर जाणं काकांच्या तत्त्वात नव्हतं. त्यांनी खिशातून एक पुडी काढली. "जहाज लागू नये म्हणून सुंठ. दोघांनीही अख्खा खडा डाव्या गालात धरायचा. चावायचा नाही, गिळायचा नाही, दिवसभर तिथंच ठेवायचा. आणि डावाच गाल हं!"

"डावाच का?"

"हृदय डावीकडे असतं," काका म्हणाले, आणि पुडी साहेबांच्या हातात कोंबली.

जहाजावरचे पहिले दोन दिवस छान गेले. खोली म्हणजे कपाटाला खिडकी बसवावी तशी, पण काकू त्या गोल खिडकीशी बसून तासन् तास पाणी पाहत. साहेबांनी तेवढ्या वेळात बचावाच्या सूचनांचा तक्ता तपासून त्यातल्या दोन चुका स्वागतकक्षात लेखी कळवल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे घोषणा झाली, की सर्वांनी आपापली घड्याळं एक तास मागे घ्यावीत. काकूंनी निमूटपणे आपलं घड्याळ मागे घेतलं. साहेबांनी नाही. ते घड्याळ त्यांना निवृत्तीच्या दिवशी कचेरीनं दिलं होतं. "सरकारी घड्याळात मनानं फेरफार करायचा अधिकार या लोकांना कोणी दिला?" असं विचारून त्यांनी बाही खाली ओढली.

आणि नाश्त्यानंतर समुद्र उठला. जहाज आधी नाक वर करी, मग थोडा विचार करी, मग खाली बसे. साहेबांचं पोटही तसंच करू लागलं. त्यांच्या गालातली सुंठ पहिल्याच लाटेला घशाखाली गेली आणि दुसऱ्या लाटेला नाश्ता घेऊन परत आली. तिसऱ्यांदा झाल्यावर काकूंनी त्यांना डाव्या हातानं दंडाला धरून उठवलं आणि जिने उतरत दवाखान्यात नेलं. स्वतःच्या गालातला खडा त्यांनी अर्थातच सोडला नव्हता. सांगितलेलं करायचं म्हणजे करायचं.

दवाखाना जहाजाच्या पोटात होता. कठडे लावलेल्या दोन खाटा, ड्रॉवर उघडू नयेत म्हणून प्रत्येकाला कडी, भिंतीवर मोठं गोल घड्याळ, आणि सगळीकडे स्पिरिटचा वास. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस घट्ट बांधलेल्या, आणि रात्रीपासून उलट्या करणारी माणसं तपासून दमलेल्या. त्यांनी साहेबांना खाटेवर निजवलं, एक इंजेक्शन टोचलं आणि काकूंकडे वळल्या.

"कधीपासून होतंय यांना?"

काकूंनी डाव्या हाताची तीन बोटं दाखवली.

"तीन तास? तीन वेळा?"

काकू गप्प.

"आजी, तुमचं नाव काय?"

काकू गप्प. डॉक्टरीणबाईंची मान जरा तिरकी झाली. त्या जवळ आल्या.

"जरा हसून दाखवता मला?"

काकू मुळात सौम्य. एवढ्या गोड आवाजात कोणी म्हटल्यावर त्या हसल्या. उजवा गाल छान वर गेला. डावा सुंठेवर अडून जागच्या जागी राहिला.

"आता दोन्ही हात वर करा बरं."

डावा हात वर गेला. उजव्या हाताचा अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर होता. सदुसष्ट झाले होते. तो मांडीवरच राहिला.

"एखादा शब्द बोला. कुठलाही. 'पाणी' म्हणा."

यावर काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं त्या सकाळी दहा वाजता दारात आलेल्या साबणविक्याकडे पाहत.

"तोंड, हात, वाचा," डॉक्टरीणबाई हळूच नर्सला म्हणाल्या. "तिन्ही! अर्धांगाचा झटका आहे. पण तोंड डावीकडचं आणि हात उजवीकडचा..."

"म्हणजे?" नर्सनं विचारलं.

"दुर्मिळ केस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी भिंतीवरचं लाल बटण दाबलं.

पुढच्या दहा मिनिटांत काकू दुसऱ्या खाटेवर आडव्या झालेल्या होत्या आणि त्यांच्या बोटाला, दंडाला, छातीला काय काय चिकटवलेलं होतं. त्या जोरजोरात मान हलवत होत्या. तक्त्यावर नोंद झाली, 'बेचैनी'. तोंड उघडून दाखवा म्हटल्यावर त्यांनी ओठ घट्ट मिटले. नोंद झाली, 'जबडा बंद'.

आता साहेबांनी एक वाक्य बोलायचा अवकाश, की सगळं मिटलं असतं. पण इंजेक्शननं त्यांची जीभ ओल्या टॉवेलसारखी जड झाली होती. "मौ..." ते म्हणाले. "मौ... मौ..."

"यांचीही वाचा गेली?" नर्स दचकली.

"यांना इंजेक्शन आहे. यांचं येईल परत." मग डॉक्टरीणबाई साहेबांशी खूप मऊ आवाजात बोलल्या. "आजोबा, घाबरू नका. मी किनाऱ्यावर कळवलंय. मोठ्या इस्पितळाची बोट येतेय, साडेअकरापर्यंत पोचेल. तुम्हा दोघांना उतरवून घेतील. जहाजाला थांबता येत नाही, ते पुढं जाईल. पण आजींचा जीव महत्त्वाचा."

जहाज पुढं जाईल! उद्या सकाळी आठ वाजता ते त्या ठिपक्याशी लागेल, धक्क्यावर गुडघे गेलेली एक बाई काठी टेकून उभी असेल, जहाजातून सगळे उतरतील, आणि हे दोघं उतरणार नाहीत. धाकटीला काय वाटेल? ताईनं शेवटी नाहीच म्हटलं, असंच वाटेल. एवढा विचार झाला आणि साहेबांची जीभ मोकळी झाली.

"डॉक्टर, तिला काही झालेलं नाही! तिचं मौन आहे. सकाळी सहा ते बारा. रोज."

"रोज?"

"अकरा वर्षं."

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, अशा वेळी घरचे लोक असंच म्हणतात. आधीपासून अशीच आहे, काही झालेलं नाही. मन तयार होत नाही माणसाचं."

"अहो, बाराला बोलेल ती!" साहेबांनी बाही वर केली. "बाराला दहा कमी आहेत. दहा मिनिटं थांबा. बोट यायची आहेच अजून."

तेवढ्या वेळात डॉक्टरीणबाईंनी काकूंचा रक्तदाब पुन्हा घेतला. साहेब खाटेच्या कडेला बसून सेकंदकाट्याबरोबर मान हलवत होते. दोन्ही काटे एकत्र आले. "बोल," ते म्हणाले.

काकू बोलल्या नाहीत. त्यांनी डाव्या हातानं समोरच्या भिंतीकडे बोट केलं. मग एकच बोट वर धरलं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले होते. जहाजाचे अकरा. ते तिघंही काकूंच्या बोटाकडे पाहत होते, भिंतीकडे कोणी पाहिलंच नाही.

"एक?" डॉक्टरीणबाई पुटपुटल्या. "एक म्हणजे काय?"

"एकच इच्छा राहिली असेल," नर्स डोळे पुसत म्हणाली.

आपल्या सरकारी घड्याळानं घात केला हे साहेबांच्या ध्यानात यायला आणखी मिनिटभर गेलं. ते कळल्यावर ते सांगायला गेले, पण आता त्यांच्या शब्दाला शून्य किंमत होती. आधी बारा म्हणाले, आता म्हणतात हे बारा नव्हेत. भान सुटलेल्या माणसासारखे ते काकूंच्या खाटेवर वाकले.

"अगं, एक शब्द. फक्त 'पाणी' म्हण. देवाला मी लेखी कळवतो, जबाबदारी माझी. बोट आली की संपलं सगळं. उद्या ती उभी राहील ना धक्क्यावर!"

काकूंच्या भुवया यावेळी वर गेल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी डावा हात साहेबांच्या मनगटावर ठेवला, आणि मान नाही म्हणून हलवली. उजव्या हाताचा अंगठा पुढच्या पेरावर सरकला.

तेवढ्यात दवाखान्यातला फोन वाजला. विमा कंपनी होती. बोटीच्या खर्चाची मंजुरी हवी म्हणून डॉक्टरीणबाईंनीच संदेश धाडला होता. त्यांनी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडे एक मुलगी होती, आवाज कागद उलटणाऱ्या माणसाचा.

"रुग्णाची लक्षणं वाचा जाणं आणि उजवा हात न उचलणं अशी कळवली आहेत. बरोबर? माफ करा, हा दावा नामंजूर होतोय. विकार पूर्वीपासूनचा आहे."

"पूर्वीपासूनचा?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अर्जात दिलंय ना. प्रश्न एकतीस. वाचा: रोज सहा ते बारा बंद, स्वेच्छेने. उजवा हात: सदर काळात जपात गुंतलेला, विनंती केल्यासही उचलला जात नाही. कधीपासून: चौदा मार्च, अकरा वर्षांपूर्वी."

चौदा मार्च. दुसऱ्याच्या तोंडून ती तारीख ऐकली आणि साहेबांच्या डोळ्यांपुढं डायरीचं ते पान उभं राहिलं. 'सकाळी धाकटीचा फोन. हिचं बोलणं वाढलं.' आणि दोनच ओळी खाली, 'आजपासून हिचं मौन'. एकाच पानावर! एकाच शाईत! अर्ज भरताना त्यांनी खालची ओळ उतरवून घेतली होती आणि वरची वाचून पुढं गेले होते. चौतीस वर्षांची छाननी, आणि घरातला कागद अकरा वर्षं तपासायचा राहिला.

त्यांनी काकूंकडे पाहिलं. 'पाणी म्हण' हा आग्रह त्यांनी मनातल्या मनात मागं घेतला.

मग ते उभे राहिले. खाट धरून, डुलत, पण उभे. "बाई!" ते फोनच्या दिशेनं गरजले. "नामंजूर केलात?"

"हो आजोबा. वाईट वाटतंय, पण नियमच..."

"वाईट वाटून घेऊ नका. लेखी द्या! आत्ताच्या आत्ता. कारणासकट, अर्जाच्या प्रतीसकट, तारीख-शिक्क्यासकट. नामंजुरी लेखी मिळणं हा अर्जदाराचा हक्क आहे!"

पलीकडच्या मुलीला अशा उत्साहानं नामंजुरी मागणारा माणूस नोकरीत पहिल्यांदाच भेटला असावा. पाच मिनिटांत दवाखान्याच्या यंत्रातून तीन कागद बाहेर आले. त्याच वेळी वरून निरोप आला, की बोट बाजूला लागलीय. स्ट्रेचर घेऊन दोन जण दारात उभे राहिले.

डॉक्टरीणबाईंनी कागद वाचले. पुन्हा वाचले. "हे तुम्ही निघायच्या आधी लिहून दिलं होतं?"

"तेहेतीस दिवस आधी. पोच आहे."

"वाचा आहे... हात आहे..." त्यांचं बोट ओळींवरून फिरलं. "पण तोंड? तोंड वाकडं असल्याबद्दल यात काही नाही."

साहेबांना तो घाव खोल लागला. त्यांच्या अर्जात त्रुटी! हे वाक्य आजवर ते दुसऱ्यांना ऐकवत आले होते. ते ऐकायला कसं लागतं ते आज कळलं. त्यांनी काकूंच्या डाव्या गालाकडे पाहिलं. गाल फुगलेला होता. आणि त्यांना केमिस्टकाका दिसले, पुडी दिसली.

"अगं, ती सुंठ काढ!"

काकूंनी डाव्या हाताची दोन बोटं तोंडात घातली, खडा काढला आणि शेजारच्या स्टीलच्या पसरट भांड्यात टाकला. टण्ण. मग त्या हसल्या. दोन्ही गालांनी.

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. "आजी," त्या म्हणाल्या, "ओठ मिटून का घेतलेत हो तुम्ही?" उत्तर मिळणार नाही हे लक्षात येऊन त्यांनी हात जोडले, स्ट्रेचरवाल्यांना थांबायला सांगितलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड करून बसल्या. बोट आणखी अर्धा तास बाजूला हलत राहिली.

जहाजाच्या घड्याळात बारा वाजले. काकूंनी उजव्या हाताची बोटं मोकळी केली.

"अहो," त्या म्हणाल्या, "पहिली गोष्ट, तुमच्या शर्टाला सकाळपासून लागलंय, आणि तसेच सगळ्यांपुढं भाषणं करताय. दुसरी गोष्ट, मुली, तू सकाळपासून पळतेयस, काही खाल्लंस का? तिसरी गोष्ट, ते घड्याळ समोर एवढं मोठं आहे, मी बोट करून दाखवलं, तर इतक्या शिकलेल्या माणसांनी बोटाकडे काय बघायचं? चौथी..."

डॉक्टरीणबाईंनी तक्त्यावर लिहिलं, 'बोलतात. पुष्कळ.' बोट मोकळी परत गेली. ती का बोलावली होती याचा खुलासा भरायला बसल्या तेव्हा त्या अर्ध्यातच अडल्या, आणि साहेबांनी तो त्यांना चारही प्रतींत भरून दिला.

संध्याकाळी खोलीत गोल खिडकीशी दोघं बसले असताना साहेबांनी विचारलं. नेहमीसारखं नाही, जरा खाकरून.

"चौदा मार्चला काय म्हणाली होतीस तिला?"

काकूंनी खिडकीच्या काचेवरची वाफ पुसली. "साडेसात वाजले होते सकाळचे. चहासुद्धा झाला नव्हता. कशावरून तरी निघालं, आणि म्हटलं, मला पुन्हा फोन करू नकोस. नाही केला तिनं." त्यांनी शाल नीट केली. "त्या दिवसापासून तोंडाचा भरवसा वाटेना. म्हटलं, निदान सकाळचं तरी बंद ठेवावं."

"मला वाटायचं, देवासाठी आहे."

"देवाला काय, तो दुपारीही ऐकतो."

साहेबांनी मनात हिशेब केला. आठ ते एक. बारापर्यंत मौन. म्हणजे बोलायला एकच तास.

सकाळी आठला जहाज धक्क्याला लागलं. उतरणाऱ्यांच्या गर्दीत साहेब पुढं, काकू मागं, उजवा हात मिटलेला. धक्क्याच्या टोकाला कपड्यांची हातगाडी उभी होती आणि तिला टेकून एक ठेंगणी बाई, हातात काठी. तिनं काकूंना पाहिलं आणि काठी सोडून दोन पावलं चालत आली.

"ताई."

काकू तिच्यापुढं उभ्या राहिल्या. ओठ मिटलेले.

"थकलीस गं किती," धाकटी म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "बोलणार नाहीस? अजून राग गेला नाही?"

साहेब घाईनं पुढं झाले. खिशातून ते तीन कागद काढत म्हणाले, "तसं नाही, तिचं सकाळी सहा ते बारा..."

"अकरा वर्षांत एक फोन नाही करता आला गं तुला?" काकू म्हणाल्या.

साहेबांचे कागद हातातच राहिले. त्यांनी घड्याळ पाहिलं.

"तूच म्हणालीस ना, करू नकोस म्हणून!" धाकटीचा आवाज चढला.

"मी सतरा गोष्टी म्हणते! तू कधीपासून ऐकायला लागलीस माझं?"

"आता हे माझ्यावर? भाऊजी, बघा, आल्या आल्या सुरू!"

"भाऊजींना काय विचारतेस, मी बोलतेय ना तुझ्याशी! आणि ही अशी उभी काय राहिलीस, गुडघे दुखतात ना? बस आधी त्या गाडीवर."

दोघी कपड्यांच्या गठ्ठ्यांवर बसल्या आणि एकदमच बोलू लागल्या. कोण काय म्हणतंय ते कोणालाच कळत नव्हतं, आणि त्यामुळे कोणाचं काही अडतही नव्हतं. काकूंचा उजवा हात धाकटीच्या दोन्ही हातांत होता. मोजणी कितीवर सुटली हे आता कोणालाही सांगता आलं नसतं.

साहेब जरा लांब, दोर बांधायच्या लोखंडी खुंटावर जाऊन बसले. त्यांनी पिशवीतून विमा कंपनीचा एक कोरा नमुना काढला; असे दोन-चार ते जवळ बाळगतच. 'दिलेल्या माहितीतील बदल कळविणेबाबत'. प्रश्न क्रमांक: एकतीस. बदल: 'वाचा पूर्ववत सुरू. उजवा हातही.' वेळ: 'सकाळी आठ वाजून बारा मिनिटे'. मग आपलं घड्याळ नऊ वाजून बारा दाखवतंय हे पाहून त्यांनी किल्ली ओढली, काटा एक तास मागं घेतला, आणि पुढं कंसात लिहिलं, 'जहाजाप्रमाणे'.

शेवटचा रकाना होता, 'कारण'.

पेन तिथं बराच वेळ थांबलं. हातगाडीवरून धाकटीचं हसू आलं, आणि मागोमाग काकूंचं. साहेबांनी तो रकाना कोरा ठेवला आणि खाली सही केली.

सही थरथरलेली आली. त्यांनी कागद उजेडाला धरला, उलटा करून पाहिला, आणि तसाच पाकिटात घातला.